फाटकावरचा कॅमेरा

मला कॉम्प्युटरचं भारी वेड. चेहरा ओळखणारा कॅमेरा मी स्वतः बनवला आणि वसईतल्या आमच्या घराच्या फाटकावर लावला. बाबा वाडीत केळींना पाणी देऊन परतले की घरातला स्पीकर ओरडायचा, "बाबा आले!" मग आई चहा ठेवायची.

बाबांचं तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकात कुणीच नसताना स्पीकर ओरडला, "बाबा आले!" आई चहाचं भांडं घेऊन उठली.

"आई, बिघडलाय गं तो."

"असू दे रे बिघडलेला."

मला ते बघवेना. मी कॅमेऱ्याच्या यादीतून बाबांचे सगळे फोटो पुसून टाकले.

आज दुपारी फाटक तसंच रिकामं होतं. स्पीकर ओरडला,



"अनोळखी माणूस! फाटक उघडू नका!"