आज गेटनं जायचं

न्ताते मोखेले भिंतीवर स्वार होऊन बसला होता. एक पाय मैदानात, एक पाय रस्त्यावर, आणि हातात गोलकीपर पाकिसोचं मनगट. निम्मा पाकिसो वर आला होता. उरलेला निम्मा खालून चौघे जण ढकलत होते.

"जोर लाव की रे, म्हशी!" न्ताते म्हणाला. "का तुझ्यासाठी बुटकी भिंत बांधून घेऊ?"

मैदान त्यांचंच होतं. भिंतही त्यांचीच. शंभर पावलांवरचं गेटसुद्धा त्यांचंच, आणि ते सताड उघडं होतं. पण मॅचच्या आदल्या दिवशी समोरच्या टीमचा भगत येऊन गेटवर करणी करून जातो, त्यातून आत गेलं की पायातला गोल गळून पडतो, हे थाबानेंग वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून मॉर्निंग बर्ड्स क्लब स्वतःच्या घरात चोरासारखा शिरायचा. न्ताते एकेचाळीस वर्षं या क्लबच्या जर्सी धूत होता, बूट शिवत होता, आणि सगळ्यांच्या आधी भिंतीवर चढून एकेकाला वर ओढत होता. गुडघे गेले होते. भिंत ठणठणीत होती.

आज सीझनची शेवटची मॅच. बरोबरी झाली तरी क्लब वरच्या लीगमध्ये टिकणार. हरला की खाली.

भिंतीच्या आतल्या अंगाला, मुतारीच्या आडोशाला, चेअरमन खुबेका फोनवर बोलत होता. वर कुणी बसलंय याचा त्याला पत्ता नव्हता.

"टिकलो की लीगमधली जागा तुमची, साहेब. सोमवारी सही. हो हो, नाव बदला, रंग बदला, तिकडं तुमच्या गावाला घेऊन जा... वस्ती? वस्ती काय करायचीय? ती राहील इथंच... हरलो तर? हरलो तर खालच्या लीगची जागा कोण कुत्रं विकत घेतंय हो! मग बसतोच मी हे लोढणं गळ्यात घालून, इथंच."

रंग बदला म्हणे. वीटभट्टीवरच्या पोरांनी काढलेला क्लब. पहिल्या अकरा जणांत सात भट्टीवरचे, दोन रेल्वेतले, एक मास्तर आणि एक चोर. गोल चोरच करायचा. पांढऱ्या शर्टांवरची विटांची धूळ कुठल्याच साबणाला दाद देईना, म्हणून क्लबचा रंग विटकरी ठरला. त्या चोराचा नातू मोलेफी आज नऊ नंबरची जर्सी घालून खाली उभा होता.

न्तातेनं पाकिसोचं मनगट सोडलं. पाकिसो चौघांच्या अंगावर कोसळला.

"आज गेटनं जायचं," न्ताते म्हणाला.

खाली सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"ऊन लागलं काय, न्ताते?" मोलेफी म्हणाला. "गेटवर करणी असते! तुम्हीच सांगता ना?"

"सांगतो की."

"मग?"

"माझे गुडघे दुखतायत. चला."

एकेचाळीस वर्षं क्लबनं ज्याचं ऐकलं, त्याचं आज कसं मोडायचं? टीम निघाली. कुणी डोळे मिटून आत गेला, कुणी श्वास रोखून. पाकिसो उलटा चालत गेला. करणीला वाटावं, हा बाहेर निघालाय. गेटाशी पिठाचे गोळे तळणारी म्हातारी हातात झारा धरून बघतच राहिली. इतक्या वर्षांत तिनं या पोरांना गेटातून येताना पाहिलं नव्हतं.

न्ताते सगळ्यात शेवटी आला. कुणीतरी केलेल्या त्या करणीला त्यानं मनातल्या मनात हात जोडले. "आजच्या दिवस लाग गं बाई. चांगली लाग."

चौथ्या मिनिटाला मोलेफीनं गोल केला.

न्तातेनं वळून गेटकडं पाहिलं. गेट जसंच्या तसं उघडं होतं.

अख्ख्या सीझनमध्ये पहिल्यांदाच अकराच्या अकरा जण न लंगडता खेळत होते. कुणाची मांडी सोललेली नव्हती, कुणाच्या तळहातात भिंतीवरची काच घुसलेली नव्हती. पाकिसो तर उड्या मारत होता. पाकिसो! हाफटाइमला तीन-शून्य. शिट्टी वाजली तेव्हा चार.

लोक मैदानात घुसले. वुवुझेलांच्या भोंग्यांनी कान फुटायची वेळ आली. मोलेफीनं सगळ्यांना सांगितलं की डोकं न्तातेचं, आणि लोकांनी न्तातेला खांद्यावर घेतलं. तो रडत होता. म्हातारा आनंदानं रडतोय म्हणून लोकही रडले.

चेअरमन खुबेका गर्दीतून वाट काढत आला. "न्ताते! कसलं जालीम औषध काढलंत आज?"

"गेट," न्ताते म्हणाला.

चेअरमन खदखदून हसला आणि फोन कानाला लावत निघून गेला.

"पुढच्या सीझनला ती भिंतच पाडून टाकू, न्ताते!" खालून पाकिसो ओरडला.

लोकांच्या खांद्यांवरून न्तातेला भिंतीचा माथा नीट दिसत होता. एकेचाळीस वर्षं तो जिथं बसत आला, तिथल्या विटा घासून घासून गुळगुळीत झाल्या होत्या.