आकारामचा लांबचा बेत

"नुसतं चितपट करून यायचं न्हाई," अर्जुनाचा दंड चाचपत आकाराम म्हणाला. "हात मोडायचा. उजवा. कोपरातनं."

सांगलीच्या तालमीत अर्जुना अंगाला माती चोळत उभा होता. तासाभरात कुस्त्यांचं मैदान सुरू होणार होतं.

"आबा, त्या गुंडा पैलवानानं माझं काय वाकडं केलंय?"

"त्याच्या बापानं केलंय. बापाचं पोरानं भोगायचं असतं."

अर्जुना वाकून पुन्हा माती उचलू लागला. बापाचं ऐकायची त्याला लहानपणापासून सवय होती.

कऱ्हाडच्या खाली, कृष्णाकाठी आकारामचं गाव. तिथे त्याला मान होता तो लांबचा विचार करणारा माणूस म्हणून. बाकीचे उसाची लागण करताना पुढच्या गळितापर्यंतचं बघत. आकारामची नजर पुढच्या पिढीपर्यंत जायची. लोक आपल्या उनाड पोरांना त्याचं उदाहरण द्यायचे, आणि तेही तो ऐकत असेल अशा बेताने द्यायचे.

तरुणपणी तो स्वतः नावाजलेला मल्ल होता, आणि आपल्यामागे घरात याहून मोठा पैलवान निपजावा ही त्याची इच्छा होती. पहिली बायको बनुबाई, कवठे महांकाळकडची. स्वभावाने गरीब, कामाला वाघ, पण अंगाने काटकुळी. हिच्या पोटी पैलवान कसा निपजायचा? आकारामने सरळ विचार केला आणि तिला भावाबरोबर माहेरी धाडून दिलं. वर्ष संपायच्या आत चंद्राबाई घरात आली. चंद्राबाईचा बाप आणि चुलते सगळे दारातून वाकून आत येणारे होते.

बनुबाईचा भाऊ लालासाहेब हाही पैलवानच. बहिणीला घेऊन जाताना तो एक शब्द बोलला नव्हता. त्यानंतर महिन्याभरातच एका मैदानात त्याची आणि आकारामची जोड लागली. आकाराम खाली पडला होता, पंचांनी कुस्ती सोडवली होती, तरी लालासाहेबाने त्याचा हात सोडला नाही. मोडलेला हात वाकडाच बसला. त्या हाताने आकारामला पुढे कधी पाण्याचा तांब्या धड तोंडाला लावता आला नाही.

काही महिन्यांनी बनुबाईच्या माहेरचा न्हावी काहीतरी सांगावा घेऊन आला. लालासाहेब आता समेटाला आला, हे आकारामने ओळखलं. त्याने न्हाव्याला तोंड उघडू दिलं नाही, वेशीवरूनच परत लावलं. समेट करायचा असता तर मनात एवढा जाळ कशाला ठेवला असता?

चंद्राबाईला मुलगा झाला त्या दिवशी आकारामचा बेत पक्का झाला. पहिल्या धारेचं दूध अर्जुनाला. बदाम अर्जुनाला. घरातल्या बाकीच्यांनी ताकावर भागवायचं. कळायला लागल्यावर पोराला सांगलीच्या वस्तादाकडे ठेवलं आणि बजावलं, वेळ येईपर्यंत बापाचं नाव कुठे काढायचं नाही. मैदानात त्याला सांगलीचा अर्जुना म्हणूनच पुकारत.

लढाई सुरू झाली, भरतीवाले गावोगाव फिरू लागले. गावातली पोरं पलटणीत गेली. अर्जुनालाही जायचं होतं.

"तुझं हात सरकारचं न्हाईत," आकाराम म्हणाला. "माझं हायत."

आणि एक दिवस त्याच्या कानावर आलं की लालासाहेबाच्या घरचं पोरगं, गुंडा, मैदानं मारतंय. आकाराम त्या दिवशी पोटभर जेवला. आपल्याला झालं तेच लालासाहेबाला डोळ्यांनी बघायला लावायचं, यापेक्षा गोड सूड त्याला सुचत नव्हता. लढाई संपल्यावर त्याने वस्तादाकरवी, आता आपलं नाव उघड करून, निरोप पाठवला, जोड लावायची का? लालासाहेब लगेच कबूल झाला. त्याची अट एकच होती. आकारामने स्वतः मैदानात येऊन बसायचं.

"येडं हाय," आकाराम चंद्राबाईला म्हणाला.

"आवं, त्यानंबी काय ठरवलं असलं तर?"

"त्यो कसला ठरवतोय. लांबचं बघायला डोकं लागतं."

आणि आज तो मैदानात पुढच्याच रांगेत बसला होता. समोरच्या बाजूला लालासाहेब होता, केस पांढरे झालेले. दोघांची नजर एकदाच भिडली.

कुस्ती बराच वेळ चालली. गुंडा चपळ होता. दोनदा त्याने अर्जुनाला खाली घेतलं. मग गुंडाचा उजवा हात अर्जुनाच्या काखेत सापडला. अर्जुनाने बापाकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती, ती आकारामला दिसली आणि तो जागेवरून उठला.

"मोड!"

हाड मोडल्याचा आवाज पुढच्या रांगांनी ऐकला. अर्जुना मातीतच गुडघ्यांवर बसून रडायला लागला. त्याच्या पाठीवर थाप कुणी दिली नाही.

आकाराम सावकाश मैदानात उतरला. पोराकडे न बघता तो लालासाहेबासमोर जाऊन उभा राहिला. लालासाहेब आपला फेटा फाडून गुंडाचा हात बांधत होता.

"कसं वाटतंय, लालासाहेब? आता जन्मभर बघत बस."

लालासाहेबाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबले नव्हते.

"ह्याला जिंकताना तुमाला दावायचं हुतं," तो म्हणाला. "तेवढ्यासाठी वाढवला मी. ठरवल्यापरमाणं झालं न्हाई."

आकाराम हसला. इतक्या वर्षांत तो असा मोकळा हसला नव्हता.

गुंडाने दात आवळून मान वर केली. "मामा," त्याने विचारलं, "ह्यो कोण?"

लालासाहेबाने फेट्याची गाठ मारली.

"डाव्या हातानं का हुईना, पाया पड त्येच्या, गुंडा. तुझा बाप हाय त्यो."