आरतीला न उठलेला गोलकीपर

“समोरच्या संघवाले नावाजलेला गोलकीपर देतायत आणि बदल्यात आपला एकच नवखा पोरगा मागतायत? पाणी कुठंतरी मुरतंय, आई.” टोरांटोत एका आइस हॉकी संघासाठी खेळाडू पारखणं माझं काम. माझ्या होकारावर हा सौदा ठरणार होता आणि फसला तर माझी नोकरीही जाणार होती.

आई बुक्क्याची डबी शोधत होती. “तू देवावरसुद्धा संशय घेशील रे! आज कीर्तनाला बोलाव त्याला. माणूस कळेल.”

तो गोलकीपर, एरिक, खरंच आला. आमच्या तळघरात सतरंजीवर सगळ्यांसारखी मांडी घालून बसला. पूर्वरंग संपल्यावर आईनं त्याच्या कपाळाला बुक्का लावला. उत्तररंगात गडी टाळ्यांचा ठेका धरून असा डोलला, की मला माझ्याच संशयाची लाज वाटू लागली.

मग आरती सुरू झाली. सगळे उठले. एरिक मात्र डोळे मिटून बसूनच राहिला.

“बघ, कसं तल्लीन झालंय लेकरू!” आई कुजबुजली.

मी वाकून पाहिलं. तळघर गार होतं, तरी त्याच्या कपाळावरचा बुक्का घामानं ओघळला होता. एका मुठीत सतरंजी आवळलेली, दुसरा हात खुब्यावर.

“दुखतंय?”

“उठताच येत नाहीये,” तो कसनुसं हसला. “तुला कळायला नको होतं.”

सौदा तिथंच मोडला. आई मात्र आरतीचं ताट घेऊन खाली वाकली आणि तिनं पहिली आरती त्यालाच दिली.