मेलेल्यांनी उठायचं नाही

“मेलेली माणसं खाजवत नाहीत!” दिग्दर्शक कर्ण्यातून ओरडला. “हिरव्या साडीवाल्या बाई, ती मुलगी तुमचीच ना?”

आम्रपाली उठून बसली. शेजारी पडलेली प्रियंका पोट खाजवत होती. चार वर्षांची पोर. “मुंगी हाय आई,” ती म्हणाली. आसपासचे शे-दीडशे मेलेले लोक हसले.

पलूसकडच्या एका साखर कारखान्याचं आवार. हंगाम संपून महिना झाला होता. धुराडं उंच, म्हणून मुंबईच्या पिक्चरवाल्यांनी त्याची अणुभट्टी केली होती. पाटी बदलली, भिंती पांढऱ्या केल्या, झाली अणुभट्टी. गोष्ट सोपी होती. इंजिनिअर सांगत असतो, भट्टीत बिघाड आहे; त्याचं कोणी ऐकत नाही. शेवटी भोंगा होतो. सगळी वस्ती जागच्या जागी कोसळते आणि इंजिनिअर त्या माणसांमधून “उठा! पळा!” असं ओरडत धावतो. कोणी उठत नाही.

सकाळी तर कारखान्याच्या वस्तीतले हे लोक पडायलाच तयार नव्हते. याच भोंग्यावर त्यांनी आयुष्यभर जेवणाची सुट्टी केली होती. पहिल्यांदा भोंगा झाला तेव्हा म्हातारी दगडाबाई सवयीनं भाकरीचं फडकं सोडून बसली. दिग्दर्शकानं कपाळावर हात मारला. मग त्यानं एकेकाला शिकवलं. भोंगा झाला, की पडायचं. कोणी कितीही ओरडलं, तरी उठायचं नाही. मी ‘कट’ म्हटल्यावरच उठायचं. दुपारपर्यंत सगळे छान मरायला लागले. एक प्रियंका सोडून.

“अजून एकदा हलली, तर दोघी बाहेर,” दिग्दर्शक म्हणाला.

पिक्चरात दिसणार, हे आम्रपाली माहेरी कळवून बसली होती. शिवाय तिला कॅमेऱ्याच्या अगदी पुढं जागा मिळाली होती. शेजारची बाळाबाई त्यावरून सकाळपासून धुमसत होती. “पोरीला घरी ठिवायची व्हतीस की,” बाळाबाई पडल्यापडल्या म्हणाली. “लय हौस!”

आम्रपालीनं पोरीचे केस सारखे केले. गालावरची माती पदरानं पुसली. “हे बघ माझी चिमणी,” ती कानात म्हणाली, “भोंगा झाला की डोळं मिटायचं. माझा हात धरायचा. मी दाबला की समज, आई हितंच हाय. पन उठायचं न्हाई.”

“मुंगी आली तर?”

“तिलाबी सांगू, शूटिंग हाय म्हनून.”

तेवढ्यात दिग्दर्शकाला धूर पसंत पडेना. डब्यातला पांढरा धूर पडद्यावर खोटा दिसतो म्हणे. त्याला खरा हवा होता. कारखान्यात साखर पांढरी करायला गंधक जाळतात, ती भट्टी थोडी पेटवा, असं त्यानं कारखान्याच्या साहेबांना गळ घालून कबूल करून घेतलं. दुरुस्तीसाठी तिथला पाइप ढिला केलाय, असं फिटर बिरदेव तिकडं साहेबांना सांगत होता. “पाच मिनिटांचं काम आहे हो,” दिग्दर्शक म्हणाला आणि उंच मचाणावर चढला.

त्यानं हात वर करायच्या आतच भोंगा झाला.

धपाधप सगळे पडले. आम्रपालीनं प्रियंकाला कुशीत ओढलं. इंजिनिअर झालेला नट अजून खुर्चीत चहा पीत होता. पण भट्टीकडून एक माणूस धावत आला. अंगात मळका सदरा, हातात डोक्याचा फेटा.

“उठा! पळा! पायीप सुटलाय रं! पळा!”

बिरदेव एकेकाला हलवत होता. पुढ्यात पडलेल्या जालिंदरचा दंड धरून त्यानं ओढलं, तर जालिंदरनं अंग आणखी सैल सोडलं.

“हा कोण?” कॅमेरावाल्यानं विचारलं.

“माहीत नाही. पण आपल्या हिरोपेक्षा बरा करतोय,” दिग्दर्शक हळूच म्हणाला. “चालू ठेव.”

आम्रपालीच्या नाकात उग्र वास शिरला. घसा जळायला लागला. मागं कोणी खोकलं, कोणी तोंडात पदर कोंबला. उठलं कोणीच नाही. तिनं पोरीचा हात दाबला.

“आई, डोळं झोंबत्यात.”

“गप. मेलीयास तू.”

प्रियंकानं हात सोडवून घेतला. ती ताडकन उभी राहिली आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशी किंचाळली, “मला न्हाई मरायचं!”

“कट!” दिग्दर्शक कर्ण्यातून गरजला. “कट, कट! बाहेर काढा त्या पोरीला!”

‘कट’ ऐकलं तसे सगळे मेलेले उठले. उठल्यावर एकमेकांचे लालभडक डोळे दिसले, भट्टीवरून सरपटत येणारा धूर दिसला. मग मात्र सगळे पळाले. आम्रपाली पोरीला छातीशी धरून पाटाच्या पाण्यापर्यंत थांबली नाही. दिग्दर्शक मचाणावरून उडी मारून त्यांच्या पुढं गेला होता. दोन दिवस वस्ती खोकत राहिली. त्यापलीकडं कोणाला काही झालं नाही. वारा फिरला म्हणून वाचलो, असं लोक म्हणाले. बाळाबाई तेवढं पुढं वर्षभर म्हणत होती, “हिच्या पोरीनं एवढा शॉट घालवला.”

पुढच्या साली पिक्चर पलूसला तंबूत लागला. सगळी वस्ती गेली. शेवटी भोंगा झाला आणि पडद्यावर आपली माणसं पाहून तंबूत शिट्ट्या वाजल्या. बिरदेव धावत होता, दगडाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खोकणं दाबणारी बाळाबाई तर एवढी मोठी दिसली, की लोक म्हणाले, काय काम केलंय बाईनं! एका कोपऱ्यात हिरव्या साडीचा पदर क्षणभर दिसला. मग पडदा काळा झाला आणि अक्षरं उमटली: त्या दिवशी तिथं एकही माणूस जिवंत राहिला नाही.

आम्रपालीच्या मांडीवर उभं राहून प्रियंका स्वतःला शोधत होती. टाळ्या थांबल्या तेव्हा तिनं आईची हनुवटी आपल्याकडं वळवली.

“आई, मी तर ह्यात न्हाईच. मग ह्यास्नी उठवलं कुनी?”