वेळेचा रकाना

“कवडू, दोन दिवस झाले गा! कायदा चोवीस तासांचा आहे. मुकाट्यानं आमचा जावई बाहेर काढ!” चंद्रभान हवालदारांनी टेबलावर थाप मारली. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण थाप अजून नोकरीतलीच होती.

बाहेर लिंबाखाली श्वेता उभी होती. लेकीला ते छाती फुगवून सांगून आले होते, “तू चहा घे वं. अर्ध्या तासात ऋषिकेशले घेऊन येतो. ठाणं आपलंच आहे.”

आपलंच म्हणे! नागपुरातल्या याच ठाण्यात बावीस वर्षं ते रायटर होते. डायरीतली नोंद न् नोंद त्यांच्या हातची. घरी जेवताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, “कोर्टापुढं उभं न करता चोवीस तासांच्या वर माणूस ठेवल्याची एक नोंद माझ्या डायरीत दाखवा, मिशा उतरवतो.” मिशा अजून शाबूत होत्या. निरोप समारंभात साहेबांनी याच गोष्टीचं कौतुक करून त्यांना शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते घड्याळ पहिल्या दिवसापासून वीस मिनिटं मागं चालतं, हा भाग निराळा.

ऋषिकेश याच ठाण्याच्या हद्दीतल्या एका कारखान्यात वायरमन होता. तिथून तांब्याची तार चोरीला गेली आणि मंगळवारी सकाळी आठ वाजता त्याला चौकशीसाठी म्हणून घरून उचललं. आज गुरुवार, दुपार. आतल्या खोलीच्या दारातून तो दिसला. सासऱ्याला पाहून उठायला गेला, पण पाय टेकवेना म्हणून पुन्हा खाली बसला.

कवडू त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. आता तो रायटर. त्यानं खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला.

“बसा काका. चोवीस तास अटकेपासून मोजतात ना? मग अटक केलीच कुठं आम्ही?” त्यानं डायरी उघडून त्यांच्यापुढे फिरवली. “पाहा, नावच नाही. ते नुसते बसून राहिले. कबूल केलं की अटक दाखवू, वेळ टाकू. तिथून तास सुरू.”

“आन कबूल नाही केलं तं?”

“तं बसतील आठ दिवस, दहा दिवस.” कवडू अदबीनं, अगदी मनापासून अदबीनं म्हणाला, “वेळेचा रकाना शेवटी भरायचा. तुम्हीच तं शिकवलं, काका.”

शिकवलं होतं खरं. वर चहाही पाजला होता. आपण असे किती जण बसवून ठेवले, ते चंद्रभानांना आठवेना. आठवणार कसं, नोंदच नव्हती! आणि बावीस वर्षं आपल्यासारख्या अकलेच्या कांद्याला ही हुशारी वाटत आली. ऋषिकेशची नोंद असती तर त्याला कोर्टात न्यावं लागलं असतं, डॉक्टरनं तपासलं असतं, वकील उभा राहिला असता. नोंदच नाही म्हणजे तो इथं नाहीच. मग सोडवायचं कोणाला? त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की मिशीवर गेलेला हात त्यांनी खाली घेतला.

“बाबा?” श्वेता दारात येऊन उभी होती. “काय झालं? सोडून राहिले ना त्यायले?”

चंद्रभान खुर्चीतून उठले. कालपरवापर्यंत ज्याला ‘अबे कवडू’ म्हणून हाक मारत होते, त्याच्यासमोर सावधान उभे राहिले.

“साहेब, हात जोडतो. आमच्या जावयाले अटक करा.”