हजेरी क्रमांक सतरा

शाळेत शिकवलेल्या वीरधवलच्या पत्राला कोरेगावच्या पेंढारकर सरांनी महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. "सर, नोकरी गेली. घरी सांगितलेलं नाही. गाव मला इंजिनिअर म्हणतं. आता मी कोण?" सरांनी उत्तर लिहायला घेऊन दरवेळी कागद फाडला होता. आज त्याची आई धापा टाकत आली. "आवं सर, पुण्यास्नं आल्यापासनं पोरगं दार उघडंना. ओ बी देईना. लय भ्या वाटतंय."  सर तिच्यामागं धावले. बंद दारावर वडील थापा मारत होते, "इंजिनिअरसाहेब, उघडा की." त्या नावाला तो ओ देणार कसा? सरांनी कागदावर लिहिलं, "हजेरी क्रमांक सतरा, वीरधवल जगदाळे." कागद दाराखालून अर्धा सरकवला.  हजेरी घेताना 'हजर' ऐकायला थांबत, तसे सर थांबले. मग उरलेला कागद आतून ओढला गेला.