तापाचं मूल

"एकशे एक ताप आहे. घरी न्या त्याला," वैजयंतीबाई पाळणाघराच्या दारातच म्हणाल्या. गावात फ्लूची साथ पसरत होती. ताप असलेलं मूल आत घ्यायचं नाही, असं त्यांनी पालकांना आधीच लेखी कळवलं होतं.

दवाखान्यातल्या शुभदा सिस्टर आपल्या मुलाला कडेवर घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. "मला रजा नाही. वॉर्डात चाळीस पेशंट आहेत. तुमच्या आईही तिथेच आहेत, विसरलात?"

"धमकी देताय?"

"विचारतेय. आज त्यांचा ऑक्सिजन कोण बघणार?"

"आत अकरा मुलं आहेत, सिस्टर. त्यांना मी आजारी पाडणार नाही."

सिस्टर रागाने वळल्या आणि घराकडे चालू लागल्या. त्या घरी बसल्या तर वॉर्डात आईकडे बघायला कुणी नव्हतं. मुलं मदतनीस बाईंवर सोपवून वैजयंतीबाईंनी मास्क लावला आणि सिस्टरांना कोपऱ्यावर गाठलं. "तुमच्या घरी बसते याला घेऊन. किल्ली द्या."

सिस्टरांनी किल्ली दिली. आभार मानले नाहीत.

संध्याकाळी परतल्यावर त्यांनी आधी मुलाचं कपाळ पाहिलं. मग तुटकपणे म्हणाल्या, "तुमच्या आईंनी आज दोन घास खाल्ले. उद्या आठला या. उशीर नको."